रेषा सरळ, शहर वाकडे

वाहतुकीचा नकाशा भूगोलाच्या नकाशापेक्षा वेगळ्या कुळातला असतो. भूगोलाचा नकाशा मुलूख दाखवतो: कुठले गाव कुठे, त्याच्या कोणत्या अंगाला नदी, किती पल्ल्यावर डोंगर. आगगाडीच्या, मेट्रोच्या किंवा बसच्या नकाशाला मात्र प्रवाशाच्या मोजक्या प्रश्नांची उत्तरे द्यायची असतात. कोणत्या गाडीत बसायचे, कुठे उतरायचे आणि मध्ये गाडी बदलायची असेल तर ती कुठे? या प्रश्नांना जे लागत नाही ते गाळायचे असे एकदा ठरले, की नदीची वळणे, रस्त्यांची जाळी, खरे अंतर, खरी दिशा, सारेच गाळण्याजोगे वाटू लागते. काय गाळायचे आणि किती, यावरच या कलेचा शंभर वर्षांचा इतिहास उभा आहे. त्यातले मोठे वादही याच मुद्द्यावरून झाले.

वाट सरळ करून दाखवण्याची युक्ती आगगाडीच्या फार आधीची. ऑस्ट्रियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जपून ठेवलेला ‘प्यूटिंगरचा पट’ ही रोमन साम्राज्यातील रस्त्यांच्या एका जुन्या नकाशाची मध्ययुगात केलेली नक्कल आहे. लांबी पावणेसात मीटरच्या आसपास, उंची जेमतेम ३४ सेंटिमीटर. युरोपपासून भारतापर्यंतचे जग एवढ्या अरुंद पट्टीत बसवायचे म्हणून भूमध्य समुद्र दाबून नाल्याएवढा करून टाकला आहे. पण कोणत्या गावाहून कोणत्या गावाला रस्ता जातो आणि मधला पल्ला किती, हे त्यावर वाचता येते. केरळच्या किनाऱ्यावरचे मुझिरिस बंदरही त्यात आहे. पुढे १६७५ मध्ये जॉन ऑगिलबी याने ‘ब्रिटानिया’ या ग्रंथात इंग्लंड आणि वेल्समधले रस्ते उभ्या पट्ट्यांवर छापले. प्रत्येक रस्ता पट्टीवर खालून वर चढत जातो आणि रस्त्याने दिशा बदलली की शेजारी काढलेल्या होकायंत्राची सुई फिरते. वाटसरूला आधी वाट हवी असते, मुलूख मागाहून पाहिला तरी चालतो, ही समज दोन्ही ठिकाणी दिसते.

लंडनची आकृती

जगातील पहिली भुयारी रेल्वे लंडनमध्ये १० जानेवारी १८६३ रोजी सुरू झाली. तिच्यामागून आलेले मार्ग वेगवेगळ्या खासगी कंपन्यांनी बांधले. साहजिकच प्रत्येक कंपनीच्या नकाशात तिचा मार्ग ठळक आणि प्रतिस्पर्ध्यांचे मार्ग पुसट असत, किंवा नसतही. प्रवाशाला याचा काडीचा उपयोग नव्हता. त्याला एका कंपनीच्या गाडीतून उतरून दुसरीच्या गाडीत चढायचे असे. १९०८ मध्ये या कंपन्यांनी ‘अंडरग्राउंड’ हे एकच नाव घेऊन एकत्र जाहिरात सुरू केली आणि सगळ्यांचे मार्ग वेगवेगळ्या रंगांत दाखवणारा सामाईक नकाशा काढला. हे कलेच्या इतिहासात सहसा सांगितले जात नाही, पण आधी संस्था एकत्र आल्या, मग नकाशा एकत्र झाला. हा क्रम महत्त्वाचा आहे.

तो नकाशा शहराच्या खऱ्या भूगोलावर काढलेला होता आणि तिथेच अडचण होती. लंडनच्या मध्यभागी स्थानके एकमेकांना खेटून आहेत. उपनगरांत ती दूरदूर. एजवेअर हे उपनगर १९२४ मध्ये जोडले गेले, मॉर्डन १९२६ मध्ये. मार्ग बाहेर पसरू लागले तसे ठरावीक आकाराच्या कागदावर मध्यभाग आक्रसत गेला. गाडी बदलण्याची सर्वांत मोठी गरज जिथे, तिथेच नावे वाचता येईनात. एफ. एच. स्टिंगमोर यांनी १९२५ ते १९३२ या काळात खिशात मावणारे नकाशे काढताना रस्ते आणि जमिनीवरच्या इतर खुणा पुसल्या, टोकाचे पल्ले थोडे आखूडही केले. तरी रेषा वळणावळणाच्याच राहिल्या. जॉर्ज डाऊ यांनी १९२९ मध्ये लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेच्या उपनगरी मार्गांसाठी सरळ रेषांची आकृती काढली होती. म्हणजे कल्पना हवेत होती. ती सबंध जाळ्याला लावण्याचे काम हॅरी बेक यांनी केले.

बेक १९०२ मध्ये जन्मले. अंडरग्राउंडच्या सिग्नल विभागात ते आरेखक होते, तेही हंगामी. खर्चकपातीत नोकरी गेली असताना, १९३१ मध्ये, घरी बसून, कोणी न सांगता त्यांनी नवा नकाशा काढला. त्याचे नियम थोडेच होते. प्रत्येक रेषा आडवी, उभी किंवा ४५ अंशांत तिरकी. स्थानकांमधली अंतरे जवळपास सारखी. बहिर्गोल भिंगाखाली धरावा तसा मध्यभाग मोठा केलेला. साध्या स्थानकाला रेषेवर लहानशी काडी आणि गाडी बदलण्याच्या स्थानकाला चौकट. जमिनीवरची एकच खूण ठेवली, थेम्स नदी, आणि तीही ४५ अंशांच्या शिस्तीत वळवलेली. बेक यांना ही कल्पना विजेच्या मंडलाच्या आकृतीवरून सुचली असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले असते. साम्य उघड आहे आणि मार्च १९३३ मध्ये कर्मचाऱ्यांच्या मासिकात त्यांनी स्वतः मंडलाच्या रूपात एक गमतीचा नकाशा काढलाही होता. पण आकृतीचे खरे बळ मध्यभाग मोठा करण्यात आहे, आणि ते मंडलावरून येत नाही. कुठे गर्दी होते आणि कुठे प्रवासी गोंधळतो हे पाहिल्यावरच येते.

पहिल्यांदा हा नकाशा फारच क्रांतिकारक म्हणून नाकारला गेला. पुढच्या वर्षी बेक यांनी तो पुन्हा पुढे केला आणि जानेवारी १९३३ मध्ये घडीच्या कार्डाच्या रूपात तो चाचणी म्हणून लाखोंच्या संख्येने छापला गेला. प्रवाशांकडून अभिप्राय मागवले होते. कार्डे हातोहात संपली आणि लगेच पुन्हा छापावी लागली. अधिकाऱ्यांना जे धाडसाचे वाटले ते प्रवाशांनी विनातक्रार स्वीकारले, कारण भुयारात बसलेल्या माणसाला वरचा रस्ता कुठे वळतो हे दिसतच नाही. त्याला स्थानकांचा क्रम हवा असतो. त्याच वर्षी १ जुलैला लंडनची भुयारी रेल्वे, ट्राम आणि बस सेवा एका मंडळाखाली आल्या आणि बेकचा नकाशा त्या एकत्रित व्यवस्थेचा चेहरा बनला. तो एकटाही नव्हता. प्रसिद्धीची सूत्रे हाताळणारे फ्रँक पिक यांनी एडवर्ड जॉन्स्टन यांच्याकडून खास अक्षरवळण करून घेतले होते. ते १९१६ पासून फलकांवर होते. नकाशा, अक्षर आणि फलक एकाच घराण्यातले, हे तत्त्व आज जगभरच्या मेट्रो पाळतात. त्याचा पाया पिक यांनी घातला.

बेक यांना मोबदला अगदी किरकोळ मिळाला. तरी १९५९ पर्यंत ते नकाशात सुधारणा करत राहिले. काड्यांची जागा, नावांची मांडणी, मार्गांची वळणे कमी करणे, सारे काम बारकाईचे. १९६० मध्ये प्रसिद्धी अधिकारी हॅरल्ड हचिसन यांनी बेक यांना न विचारता स्वतःच्या नावाने नवा नकाशा छापला. त्यात वळणे टोकदार होती आणि नावे रेषांच्या बेचक्यांत कोंबलेली होती. तो फार दिवस चालला नाही. काही वर्षांतच पॉल गारबट यांनी बेकच्या गोलाईकडे परत जाणारी आकृती तयार केली. बेक मात्र परत आले नाहीत. वर्षानुवर्षे त्यांनी पत्रे लिहिली, नव्या व्हिक्टोरिया मार्गासह संपूर्ण आराखडा काढून पाठवला. तो स्वीकारला गेला नाही. १९७४ मध्ये ते वारले. केन गारलंड यांनी १९९४ मध्ये त्यांच्यावर पुस्तक लिहिले. आता लंडनच्या प्रत्येक नकाशावर, हा बेक यांच्या १९३१ च्या मूळ कल्पनेचा विस्तार आहे, अशी ओळ छापलेली असते. ही ओळ त्यांच्या हयातीत छापली जायला हवी होती.

आकृती जिंकली, पण तिची किंमतही होती. लीस्टर स्क्वेअर आणि कॉव्हेंट गार्डन या स्थानकांमध्ये अवघे अडीचशे मीटरच्या आसपास अंतर आहे. नकाशावर ते इतर कोणत्याही दोन स्थानकांइतकेच दिसते, म्हणून परके लोक चालत जाण्याऐवजी जिने उतरून गाडीची वाट पाहतात. न्यूयॉर्क विद्यापीठाचे झान ग्वो यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लंडनच्या प्रवाशांच्या मार्गनिवडीचे विश्लेषण केले. नकाशावर दिसणाऱ्या लांबीचा प्रभाव प्रत्यक्ष लागणाऱ्या वेळेच्या जवळजवळ दुप्पट निघाला. रोजचा अनुभव असलेले लोकही नकाशावर जास्त विश्वास ठेवत होते. म्हणजे नकाशा काढणारा नकळत गर्दीही इकडची तिकडे करत असतो. कोणता मार्ग वळसा घालणारा दाखवायचा आणि कोणता थेट, हा निर्णय केवळ देखणेपणाचा राहत नाही. लंडनच्या वाहतूक संस्थेने २०१५ मध्ये स्थानकांदरम्यान चालत किती मिनिटे लागतात ते दाखवणारा वेगळा नकाशा काढला, तो याच उणिवेची भरपाई म्हणून पाहता येतो.

गाळण्यालाही मर्यादा असते हे २००९ मध्ये दिसले. सप्टेंबरमध्ये नकाशा मोकळा करण्यासाठी थेम्स आणि भाड्याचे विभाग काढून टाकले गेले. मार्ग शोधायला नदीची गरज नव्हती. तरी लोकांनी एवढा आरडाओरडा केला की महापौर बोरिस जॉन्सन यांनी हस्तक्षेप केला आणि डिसेंबरच्या आवृत्तीत नदी परत आली. लंडनकर स्वतःला नदीच्या उत्तरेचा किंवा दक्षिणेचा समजतो. कोणत्याही शहरात अशी एखादी खूण असते; ती पुसली की उरलेला नकाशा कितीही बिनचूक असला तरी लोकांना आपला वाटत नाही.

न्यूयॉर्कचा वाद

लंडनचा धडा जसाच्या तसा दुसरीकडे चालत नाही याचा सर्वांत मोठा पुरावा न्यूयॉर्क. तिथली भुयारी रेल्वे २७ ऑक्टोबर १९०४ रोजी सुरू झाली. तीन वेगवेगळ्या व्यवस्था १९४० मध्ये एका छत्राखाली आल्या, पण नकाशावर त्यांची जुनी भांडणे बराच काळ दिसत राहिली. जॉर्ज सॅलोमन यांच्या १९५८ च्या आकृतीतही प्रत्येक जुन्या व्यवस्थेला एक याप्रमाणे तीनच रंग होते. प्रवाशाला कंपनीशी देणेघेणे नसते, तो गाडी शोधत असतो. १९६४ च्या स्पर्धेत रॅले डॅडॅमो यांनी प्रत्येक गाडीच्या मार्गाला वेगळा रंग देण्याची कल्पना मांडली.

ती कल्पना टोकाला नेली इटालियन रचनाकार मॅसिमो व्हिन्येली यांनी. त्यांच्या आणि बॉब नूर्डा यांच्या युनिमार्क या संस्थेने १९७० मध्ये भुयारी रेल्वेच्या फलकांची नियमावली तयार केली होती. ऑगस्ट १९७२ मध्ये नकाशा आला. प्रत्येक मार्गाला स्वतंत्र रंगीत रेषा, प्रत्येक थांब्याला काळा ठिपका. ठिपका आहे तर गाडी थांबते, नाही तर थांबत नाही. जलद आणि धीम्या गाड्यांचा गुंता असलेल्या शहरात हा नियम विलक्षण स्वच्छ होता. रेषा समांतर पट्ट्यांसारख्या धावत होत्या. आधुनिक रचनेचा उत्तम नमुना म्हणून तो म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात गेला.

न्यूयॉर्ककरांना तो सहन झाला नाही. पाणी निळे नव्हते, मातकट होते. बागा हिरव्या नव्हत्या, राखाडी होत्या. लांबोडके सेंट्रल पार्क चौरसासारखे झाले होते. ब्रॉडवेच्या मार्गावरचे ५० वा रस्ता स्थानक नकाशावर आठव्या ॲव्हेन्यूच्या पश्चिमेला गेले होते. प्रत्यक्षात ते पूर्वेला आहे. लंडनमध्ये अशा चुका कुणाच्या लक्षात येत नाहीत, कारण तिथले रस्ते मुळातच वेडेवाकडे आणि स्थानकांची नावे मोहल्ल्यांची. मॅनहॅटनमध्ये रस्ते आकड्यांनी ओळखले जातात, चौकटीत आखलेले आहेत आणि स्थानकांना रस्त्यांचीच नावे आहेत. प्रत्येक प्रवाशाच्या डोक्यात वरच्या शहराचा नकाशा आधीच तयार असतो. भुयारातला नकाशा त्याच्याशी जुळला नाही की माणूस बाहेर पडून चुकीच्या बाजूला चालू लागतो. व्हिन्येली यांचे म्हणणे असे की, शेजारी भौगोलिक आणि परिसराचे नकाशे लावायचे होते. लोकांच्या हाती एकटी आकृतीच पडली. यात तथ्य आहे. पण खिशात एकच कागद असणाऱ्याला पूर्ण संच असेल असे धरून चालता येत नाही.

२० एप्रिल १९७८ रोजी कूपर युनियनच्या सभागृहात या नकाशावर जाहीर वाद झाला. एका बाजूला व्हिन्येली, दुसऱ्या बाजूला जॉन टॉरनॅक. टॉरनॅक यांच्या अध्यक्षतेखालील समितीने मायकेल हर्ट्झ यांच्या संस्थेकडून १९७९ मध्ये नवा नकाशा करून घेतला. त्यात बागा हिरव्या, पाणी निळे, मोठे रस्ते दाखवलेले, रेषा वळणदार. मॅनहॅटनमधील एका मुख्य मार्गावरून जाणाऱ्या सगळ्या गाड्यांना एकच रंग, आणि गाडी कुठली ते अक्षर-आकड्याने ओळखायचे. तो सुंदर नव्हता, दाटीवाटीचा होता, आणि तो ४५ वर्षांहून अधिक काळ टिकला. या वादात सौंदर्य हरले आणि उपयोग जिंकला, असे सरसकट म्हणणे मात्र घाईचे आहे. एप्रिल २०२५ मध्ये न्यूयॉर्कने पुन्हा सरळ रेषांची, पांढऱ्या पार्श्वभूमीची, ठळक आकृती अधिकृत केली. रंग हर्ट्झ यांच्या पद्धतीचे राहिले, मांडणी व्हिन्येली यांच्याकडे झुकली. मधल्या काळात एक गोष्ट बदलली होती: वरच्या शहराचा नकाशा आता प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आहे. व्हिन्येली यांना शेजारी हवा असलेला दुसरा नकाशा चाळीस वर्षांनी आपोआप प्रवाशाच्या हातात आला.

डोळे, अक्षरे आणि चिन्हे

४५ अंशांचा नियम कायद्यासारखा पाळला जातो, पण त्याला शास्त्रीय आधार किती? इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ मॅक्स रॉबर्ट्स यांनी पॅरिस मेट्रोवर केलेल्या प्रयोगांत केवळ वक्र रेषांच्या नकाशावर लोकांना मार्ग अधिकृत नकाशापेक्षा बराच लवकर सापडला. विशेष म्हणजे लोकांना कोणता नकाशा आवडतो आणि कोणत्यावर त्यांचे काम चांगले होते, यांचा मेळ बसला नाही. पॅरिसचे जाळे मुळातच गोलगोल गुंतलेले आहे. त्याला सरळ रेषांत बसवताना इतकी वळणे पडतात की नजर घसरते. रेषा सरळ असण्यापेक्षा तिला वळणे कमी असणे महत्त्वाचे. मॉस्कोला वर्तुळाची जोड मिळाली ती तिथे खराच वर्तुळमार्ग असल्यामुळे. नकाशाची भूमिती शहराच्या हाडांवरून ठरावी, लंडनच्या कीर्तीवरून नव्हे.

संगणकाकडून असा नकाशा काढून घेण्याचे प्रयत्न वीस वर्षांहून अधिक काळ चालू आहेत. रेषा फक्त आठ दिशांनी जाव्यात आणि स्थानकांची परस्परस्थिती बिघडू नये, एवढ्या अटींतही सर्वोत्तम मांडणी शोधणे हे गणनशास्त्राच्या भाषेत अत्यंत कठीण कोड्यांपैकी आहे. मार्टिन न्योलेनबुर्ग यांनी २००५ मध्ये ते सिद्ध केले. चांगल्या मांडण्या यंत्र काढते, पण शेवटचा हात अजून माणसाचाच फिरतो.

मेक्सिको सिटीने वेगळाच प्रश्न सोडवला. तिथली मेट्रो सप्टेंबर १९६९ मध्ये सुरू झाली तेव्हा वाचता न येणारे प्रवासी पुष्कळ होते. लान्स वायमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्येक स्थानकाला चिन्ह दिले. चापुल्टेपेकला नाकतोडा, पिनो स्वारेसला तिथेच खोदकामात सापडलेले वाऱ्याच्या देवतेचे देऊळ. निरक्षराला नकाशा वाचता आला, परदेशी पाहुण्यालाही आला. टोकियोने २००४ मध्ये चिन्हांऐवजी मार्गाचे अक्षर आणि स्थानकाचा क्रमांक वापरला. जपानी लिपी न येणारा माणूस ‘जी’ मार्गावरचे पहिले स्थानक शोधत शिबुयाला पोहोचतो. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासून भारताने मतदानासाठी चिन्हे स्वीकारली. त्या देशात लोकलच्या स्थानकांना चिन्हे देण्याचा विचार व्हायला हवा होता.

रंगांच्या बाबतीतही दुर्लक्ष होते. युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण बारांपैकी एकाला लाल-हिरव्यात फरक करणे जड जाते. रंग हीच एकमेव खूण असेल तर अशा माणसाला दोन मार्ग एकच दिसतात. म्हणून लंडनची वाहतूक संस्था काळ्यापांढऱ्या पोतांचा नकाशाही उपलब्ध करून देते.

मुंबईची लोकल

मुंबईत १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली गाडी धावली आणि ३ फेब्रुवारी १९२५ रोजी विजेवरची. शहर चिंचोळे, मार्ग उत्तर-दक्षिण. पश्चिम, मध्य, हार्बर, ट्रान्स-हार्बर आणि अलीकडची उरण मार्गिका एवढ्याच रेषा. लंडन किंवा टोकियोच्या मानाने आकृती सोपी वाटते. तरी इथे नकाशा बघून गाडी पकडणारा माणूस विरळा. लोक प्लॅटफॉर्मवरचा इंडिकेटर बघतात, आणि त्याला कारण आहे.

आधी अंतराची गोष्ट. चर्चगेटपासून दादर हे आठवे स्थानक आणि पल्ला सुमारे दहा किलोमीटर. विरारपासून डहाणू रोड हेही आठवे स्थानक; वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगाव करत जाणारा हा पल्ला ६४ किलोमीटरच्या आसपास. डब्यात दारावर लावलेल्या पट्टीवर दोन्ही तुकडे सारख्याच लांबीचे दिसतात. लंडनमध्ये स्थानकांची अंतरे सारखी केल्याने होणारी फसवणूक दोन-चार मिनिटांची. इथे ती तासाभराची होऊ शकते. उपनगरी गाडीचे नाव असले तरी ही रेल्वे कसारा, खोपोली, डहाणूपर्यंत जिल्हे ओलांडून जाते. मुंबईच्या नकाशात टोकांचे पल्ले खुणेने तरी वेगळे दाखवायला हवेत, निदान मिनिटे तरी छापायला हवीत.

दुसरी आणि मोठी अडचण फास्ट-स्लोची. नकाशा रूळ दाखवतो, प्रवासी गाडी पकडतो. एकाच रुळांच्या जोडीवरून धावणाऱ्या दोन फास्ट गाड्या वेगवेगळ्या ठिकाणी थांबू शकतात. काही गाड्या अंधेरी किंवा बोरिवलीपर्यंत फास्ट आणि पुढे स्लो, काहींचे थांबे वेळेनुसार वेगळे. म्हणून मुंबईकराने स्वतःची भाषा घडवली आणि रेल्वेने इंडिकेटरवर ती छापली: कसाऱ्याच्या गाडीला ‘एन’, कर्जतच्या गाडीला ‘एस’, शेजारी जलद की धीमी, बारा डब्यांची की पंधरा. कल्याणनंतर ईशान्येला आणि आग्नेयेला फुटणाऱ्या फाट्यांची ती इंग्रजी आद्याक्षरे. नवख्याला याचा पत्ता कुठल्याही नकाशावर लागत नाही. व्हिन्येली यांचा ठिपक्याचा नियम न्यूयॉर्कमध्ये बागांच्या रंगावरून वादात सापडला, पण मुंबईला तो नेमका लागू पडावा असा आहे. चर्चगेट-विरार आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस-कल्याण या दोन पट्ट्यांत स्लोची एक आणि फास्टच्या ठरलेल्या नमुन्यांच्या दोन-तीन रेषा समांतर काढल्या, जिथे थांबा तिथेच ठिपका दिला, तर निम्मा गोंधळ मिटेल. सगळे अपवाद त्यात बसणार नाहीत. ते वेळापत्रकाचे काम.

तिसरी अडचण लिपीची. नावे मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशी तिन्ही भाषांत द्यायची, त्यांतली काही अतिशय लांब. देवनागरीत मात्रा-वेलांटी वर आणि उकार खाली जातो, म्हणून एका ओळीला रोमन अक्षरांपेक्षा जास्त उंची लागते. शिरोरेखा स्वतःच एक आडवी रेषा असल्याने ती आडव्या मार्गरेषेला चिकटली की दोन्ही वाचता येत नाहीत, आणि ४५ अंशांत तिरके केलेले जोडाक्षर दुरून ओळखणे अवघड होते. मुंबईचे मार्ग उभे आहेत, हे या बाबतीत भाग्य. नावे आडवी राहू शकतात. पण डब्यात जागा दारावर आडवी मिळते, म्हणून अख्खे शहर कुशीवर झोपवले जाते आणि नावे उभी किंवा तिरकी होतात. पवईच्या आयआयटीतील इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमध्ये प्रा. मंदार राणे यांनी विद्यार्थ्यांसह लोकलचा नकाशा नव्याने रचण्याचे काम केले. या विषयाकडे अभ्यासाचा विषय म्हणून पाहिल्याचे हे ठळक उदाहरण. अशी कामे विद्यापीठात होतात हे चांगले, पण ती रेल्वेने स्वतःहून सोपवायला हवीत.

दादरचा गोंधळही रचनेचाच होता. पश्चिम आणि मध्य रेल्वेचे प्लॅटफॉर्म शेजारी आणि दोन्हीकडे क्रमांक एकपासून. डिसेंबर २०२३ मध्ये मध्य रेल्वेच्या प्लॅटफॉर्मना आठपासून चौदापर्यंत क्रमांक दिले गेले. नवी वीट न रचता, फक्त आकडे बदलून स्थानक सोपे झाले.

मेट्रो आल्यापासून आकृती झपाट्याने गुंतागुंतीची होत आहे. वर्सोवा-घाटकोपर मार्ग ८ जून २०१४ रोजी सुरू झाला, २ए आणि ७ हे मार्ग एप्रिल २०२२ मध्ये, आणि आरे ते कफ परेड हा ३३.५ किलोमीटरचा भुयारी ‘मार्ग ३’ ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण झाला. पश्चिम रेल्वे, मध्य रेल्वे आणि मेट्रोच्या निरनिराळ्या कंपन्या आपापले नकाशे काढतात. परिणाम गाडी बदलण्याच्या जागी दिसतो. मार्ग १ चे वेस्टर्न एक्सप्रेस हायवे आणि मार्ग ७ चे गुंदवली ही पुलाने जोडलेली स्थानके. तसेच मार्ग १ चे डी. एन. नगर आणि मार्ग २ए चे अंधेरी पश्चिम. जागा एक, नावे दोन. पश्चिम रेल्वेचे प्रभादेवी आणि मध्य रेल्वेचे परळ यांचेही तसेच. एकाच संस्थेचा नकाशा पाहणाऱ्याला ही जोडणी दिसत नाही. सामाईक नकाशात अशा जोड्या दोन वर्तुळांना जोडणाऱ्या दांड्याने दाखवता येतात, दांड्यावर चालण्याची मिनिटे लिहिता येतात.

पुण्यात आणि नागपुरात प्रश्न अजून लहान आहे. पुण्याची मेट्रो ६ मार्च २०२२ रोजी सुरू झाली; तिचे दोन मार्ग जिल्हा न्यायालय स्थानकावर छेदतात. नागपुरात सीताबर्डी हा तसाच छेद. दोन रेषांचा अधिक-चिन्हासारखा नकाशा कोणीही वाचू शकतो. मात्र पीएमपीच्या बसमार्गांना मेट्रोशी जोडून दाखवणे कठीण आहे, कारण बसचे जाळे रेल्वेसारखे थोड्या रेषांत मावत नाही. लंडनने या शतकाच्या सुरुवातीपासून त्यासाठी ‘स्पायडर मॅप’ वापरले. एका चौकातून निघणाऱ्या बसच तेवढ्या दाखवायच्या, मध्यभागी त्या चौकाचा खरा भौगोलिक नकाशा आणि त्यातून बाहेर जाणाऱ्या सरळ रेषा. स्वारगेट, शिवाजीनगर, दादर, सायन अशा ठिकाणी हा प्रकार सहज करण्यासारखा आहे.

मोबाइलने मार्ग शोधण्याचे बरेचसे काम नकाशाकडून काढून घेतले आहे. अमेरिकेतील पोर्टलंडच्या वाहतूक संस्थेने २००५ मध्ये गूगलबरोबर वेळापत्रकांच्या माहितीचा एक समान साचा तयार केला. आज जगभरच्या संस्था तो वापरतात. ऑक्टोबर २०२० मध्ये न्यूयॉर्कने थेट नकाशा आणला. त्यात गाड्या हलताना दिसतात आणि बंद असलेला मार्ग पुसट होतो. मुंबईत एम-इंडिकेटर हे ॲप कित्येक वर्षे लोकांच्या हातात आहे आणि ते मुख्यतः वेळापत्रक शोधून देते. इंडिकेटरवर वाढलेल्या शहराला ते सरळ पटले. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या ‘मुंबई वन’ या ॲपने अनेक संस्थांची तिकिटे एकत्र आणली आहेत. ॲप एका प्रवासाचे उत्तर देते, पण सबंध व्यवस्था डोळ्यांसमोर उभी करत नाही. गाडी रद्द झाली, भायखळ्याला अडकून पडलो, तर दुसरी वाट कोणती हे ज्याच्या डोक्यात आकृती आहे त्यालाच लगेच सुचते. पावसाळ्यात रूळ पाण्याखाली जाणाऱ्या शहरात ही गरज दरवर्षी उभी राहते.

सामाईक नकाशासाठी लागणारी माहिती मुंबईत तयार आहे, रचनाकारही आहेत. नवे स्थानक उघडले की त्याच दिवशी प्रत्येक फलक बदलणारी एक जबाबदार संस्था मात्र ठरवावी लागेल. तिच्याकडे रंग, नावे, चिन्हे आणि गाडी बदलण्याच्या जागा ठरवण्याचा अधिकार हवा, आणि तो अधिकार पश्चिम रेल्वे, मध्य रेल्वे, मेट्रो कंपन्या आणि बेस्ट या सर्वांनी मान्य केलेला हवा. लंडनच्या कंपन्यांनी १९०८ मध्ये या कामाला एका सामाईक नावाने सुरुवात केली. सगळ्यांना एकत्र आणणारे मंडळ त्यानंतर २५ वर्षांनी आले.